जुनी डिझेल पिकअप लवकर चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

डिसेंबर-जानेवारीत निफाड-लासलगावच्या पट्ट्यात पहाटेचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लाल कांदा भरलेल्या पिकअप बाजार समितीकडे निघायच्या असतात. गाडी जुनी असेल तर तिथेच घोडं अडतं. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मग चार माणसं बोलावून धक्का, नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची धावपळ. तोवर लिलाव सुरू झालेला असतो.

त्यानंतर जे होतं ते मला जास्त खटकतं. आधी नवी बॅटरी येते. आठवड्याभराने सेल्फ (स्टार्टर मोटर) खोलला जातो. तरीही फरक पडला नाही की "पंपच गेलाय" असं ठरतं आणि इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा हा पंप उतरवून पंपरूमला, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानात, पाठवला जातो. हजारो रुपये जातात, आणि पुढच्या थंड सकाळी गाडी पुन्हा तशीच उभी. खरं तर या गाड्यांचा आजार ओळखणं फार अवघड नाही. इंजिनाला नेमकं काय कमी पडतंय हे आधी शोधायचं आणि मगच पान्याला हात घालायचा. त्यासाठी साधा मल्टिमीटर, हातभर पारदर्शक नळी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

इथे लिहितोय ते जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. टाटा २०७ डीआय, महिंद्राच्या जुन्या डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाच्या पिकअप, आणि त्याच काळातल्या इतर गाड्या. कॉमन रेल (सगळ्या नोझलना मोठ्या दाबाने डिझेल देणारी एकच सामाईक नळी) असलेल्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात रेलमधला दाब ठरावीक पातळीला आल्याशिवाय इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल फवारणारं नोझल उघडूच देत नाही, त्यामुळे तिथे स्कॅनर लावावा लागतो. आणि त्या गाडीचे नोझलचे पाइप इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नयेत, तो दाब जीवघेणा असतो. बॅटरी, अर्थिंग आणि सेल्फबद्दल पुढे येईल ते मात्र दोन्हींना लागू आहे.

ठिणगी नसलेलं इंजिन पेटतं कसं

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन दाबत नेतो, तिचं आकारमान जवळजवळ अठराव्या हिश्श्यावर येतं आणि ती भयंकर तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तोच प्रकार, फक्त इथे तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपोआप पेट घेतो.

म्हणजे चालू व्हायला इंजिनाला तीन गोष्टी हव्यात: पुरेशा वेगाने फिरणं, हवा नीट दाबली जाणं, आणि योग्य वेळी चांगला फवारा. यातली पहिली गोष्ट लोक सगळ्यात हलक्यात घेतात. "सेल्फ फिरतोय ना, मग बॅटरी ठीक आहे" हे वाक्य दर दुसऱ्या गॅरेजात ऐकू येतं. पण सेल्फ फिरणं आणि सेल्फ पुरेसा जोरात फिरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतींत मुरायला वेळ मिळतो, थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खालीही निसटते. परिणामी हवा तापतच नाही. बहुतेक डिझेल इंजिनांना पेट घ्यायला मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी लागतात. शंभरवर अडखळत फिरणारं धडधाकट इंजिनसुद्धा चालू होणार नाही, आणि बघणाऱ्याला वाटेल की पंप किंवा कम्प्रेशन (हवा दाबायची ताकद) गेलं. म्हणून माझा आग्रह असा की बॅटरी आणि तारांचा निकाल लागल्याशिवाय पंपाला कोणी हात लावू नये.

आधी गाडीला प्रश्न विचारा

तपासणीची सुरुवात बॉनेट उघडण्याआधी होते. गाडी नेमकी कधी त्रास देते? फक्त थंडीत पहाटे, पण एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू? मग संशय बॅटरी, हीटर प्लग (थंडीत आतली हवा तापवणारे प्लग), घट्ट ऑइल आणि कम्प्रेशनवर. थंडी असो नसो, रात्रभर उभी राहिली की त्रास? मग डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असेल. सकाळी पटकन चालू होते पण तापल्यावर बंद केली की परत घेत नाही? तो आजार वेगळाच, त्याकडे पुढे येतो. आणि फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर उत्तर जवळजवळ तिथेच दडलेलं असतं.

दुसरी खूण सायलेन्सरवर. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघायचा. धूर अजिबात नाही याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये. अशा वेळी आधी सोप्या गोष्टी बघा: टाकीत डिझेल आहे का, इंजिन बंद करायची स्टॉप केबल अर्धवट अडकून राहिली आहे का, आणि इलेक्ट्रिक स्टॉप असेल तर चावी ऑन केल्यावर पंपावरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) टक असा आवाज करतो का. कितीतरी गाड्या तुटलेल्या एका वायरपायी टोचन लावून गॅरेजला नेल्या जातात. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे उष्णता कमी पडतेय किंवा फवाऱ्याचं टायमिंग मागे गेलंय. काळा धूर हवा कमी पडल्याचा, एअर फिल्टर बघा. निळा धूर ऑइल जळल्याचा.

बॅटरी, आणि तिच्यापेक्षा महत्त्वाच्या तारा

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली. पण हा आकडा पुरेसा नाही, कारण मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा कामाचा भार नसताना १२.५ दाखवू शकते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटरचे टोक बॅटरीच्या खांबांवर धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी उतरलेली किंवा संपलेली आहे, नाहीतर सेल्फ जरुरीपेक्षा जास्त करंट ओढतोय. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही घरांची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) बघा. पाच घरं १२५० आणि एक ११५० असेल तर ती बॅटरी चार्जिंगला लावून उपयोग नाही, ते घर गेलेलं आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच होईल, दोष अल्टरनेटरकडे आहे.

आता आकडा साडेदहाच्या वर राहतोय आणि तरी सेल्फ रडत रडत फिरतोय, असं असेल तर वीज वाटेत कुठेतरी अडतेय. इथे जरा थांबून नीट बघण्यासारखं आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. सेल्फला बॅटरीच्या प्लसकडून करंट मिळतो, पण तो परत मायनसकडे जायला एकच खरी वाट असते, इंजिनापासून चेसिसला किंवा थेट बॅटरीला जोडलेली अर्थिंगची पट्टी. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर सहज ओढतो. वीस वर्षांच्या गाडीत ही पट्टी तेल, चिखल, खताची पावडर यांनी माखलेली असते, लगच्या (टोकाच्या कडीच्या) आत तांबं हिरवं पडलेलं असतं. वरून नुसती बघून काही कळत नाही.

कळायचा उपाय असा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. आता सेल्फ मारा. अर्थिंग चांगलं असेल तर आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थिंग खराब. हीच परीक्षा प्लसच्या बाजूने करा: एक टोक प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या मोठ्या नटवर. एका ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याच्या पिकअपवर हे करून बघितलं तेव्हा मायनसच्या बाजूला दोन व्होल्टच्या वर आकडा आला होता. बारापैकी दोन व्होल्ट नुसत्या घाणीत जात होते. त्या गाडीला त्याआधी दोन बॅटऱ्या घालून झाल्या होत्या. चेसिसवरची जागा पॉलिश पेपरने घासून, पट्टी नवी टाकून बोल्ट आवळला आणि सेल्फचा आवाजच बदलला.

मीटर नसेल तर जाड जंप केबल घ्या, बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. एकदम जोर आला तर निदान झालं. आणखी एक खूण सांगून ठेवतो: सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे आणि करंट त्या बारीक केबलमधून वाट काढतोय. ही केबल जळू शकते, त्यामुळे हे लगेच दुरुस्त करा.

तारा ठीक, बॅटरी ठीक, तरी सेल्फ ढिला असेल तर मग सेल्फ खोला. कार्बन झिजलेले असतात, नाहीतर बुश झिजून आर्मेचर आतून घासत असतं. नुसता टक आवाज येऊन सेल्फ फिरतच नसेल तर सेल्फवरच्या सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळाले असतील, पण ढिल्या टर्मिनलनेही तसाच आवाज येतो, ते आधी बघा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावं, नाहीतर धडधाकट सेल्फही जळेल. तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला हवा.

रात्रीतून परत जाणारं डिझेल

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे लाइन एअर धरते. सेल्फ जोरात फिरतो, पण धूर नाही. हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दहा-वीस वेळा मारला की गाडी चालू होते, कधी दोन क्षण चालून बंद पडते आणि परत प्रायमर मारावा लागतो. दिवसभर मग काही तक्रार नाही.

याचं कारण समजलं की शोधणं सोपं जातं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल मुख्य पंपाला पोचवणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन डिझेल ओढून घेते, तिच्यात दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळे तिथे बारीक चीर असली तरी डिझेल बाहेर ठिपकत नाही, बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही म्हणून लोक ही लाइन बघतच नाहीत. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि डिझेल उताराने टाकीत परत जातं. सकाळी पंपाला हवाच मिळते. गाडी चढाला तोंड करून लावली की जास्त त्रास आणि उताराला लावली की कमी, असा अनुभव असेल तर संशय जवळजवळ पक्का.

पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जागी तेवढ्याच आतल्या व्यासाची पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती लावा. गाडी चालू करा आणि उजेडात बघा. सुरुवातीचे बुडबुडे जाऊन डिझेल एकसंध काचेसारखं दिसायला हवं. मोहरीएवढे बुडबुडे थांबायचं नाव घेत नसतील तर हवा शिरतेय. आता मागे मागे जायचं. गॅरेजवाले यासाठी गाडी कॅनवर घेतात: स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा थोडा उंच ठेवून फीड पंपाची नळी सरळ कॅनमध्ये सोडायची. कॅनवर रात्रभर ठेवून सकाळी गाडी पटकन चालू झाली तर पंप निर्दोष आहे, दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात. कॅनवरही तसंच झालं तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, फिल्टरचा बाउल आणि पुढचे जोड बघा.

दोष निघतो तो बहुतेक वेळा किरकोळ वस्तूत. क्लिपखाली कडक होऊन तडकलेली रबरी नळी. फिल्टर बदलताना तिरकी बसलेली रबर रिंग. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) जुनेच परत वापरलेले तांब्याचे वॉशर, जे एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. प्रायमरचं झिजलेलं सील. या सगळ्यांची किंमत पंपाच्या कामापुढे काहीच नाही.

फिल्टर बदलला असेल तर एअर पूर्ण काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा, स्क्रू आवळा, मग पंपावरच्या स्क्रूवर तेच. फिल्टरच्या तळाचा नळ उघडून पाणीही काढून टाका, विशेषतः पावसाळ्यानंतर. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरून "मारतंय का" हे बघायची खोड मात्र सोडून द्या. तो फवारा कातडीतून आत घुसतो आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

तापल्यावर न घेणारी गाडी

सकाळी एका सेल्फवर, पण माल उतरवून अर्ध्या तासाने परत निघताना चालू होत नाही. इथे मात्र पंपावर संशय घ्यायला हरकत नाही. पंपाच्या आतले भाग झिजले की गरम, पातळ झालेलं डिझेल त्यांच्या फटीतून आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगाला नोझल उघडण्याइतका दाब बनतच नाही. जुन्या डीआय इंजिनांत नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. खात्री करायला गार पाण्यात भिजवलेलं फडकं पंपाच्या हेडवर पाच-दहा मिनिटं ठेवा. नंतर गाडी लगेच चालू झाली तर पंपाचं काम निघालं असं समजा. थेट पाणी ओतू नका, तापलेला पंप आतून जाम होऊ शकतो. त्याआधी तापल्यावर सेल्फ मंद तर होत नाही ना, तेवढं बघा. झिजलेले बुश गरम झाल्यावर जास्त घासतात आणि लक्षण तेच दिसतं.

थंडीतली बाकीची कारणं

हीटर प्लग सगळ्या गाड्यांत नसतात. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत प्यूजोच्या रचनेचं जे इंजिन होतं त्यात ते लागायचेच, कारण तिथे डिझेल आधी छोट्या वेगळ्या कोठीत पेटतं आणि तिच्या भिंती उष्णता शोषून घेतात. डीआय इंजिनांना आपल्याकडच्या हवेत बहुधा त्यांच्याशिवाय चालतं. तुमच्या गाडीत असतील तर प्लगवरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग मेलेला. चारपैकी दोन मेले तर गाडी चालू होताना बराच वेळ अडखळत, पांढरा धूर सोडत चालते.

डिझेलचंही बघा. आयएस १४६० या मानकाप्रमाणे डिझेल किती तापमानापर्यंत फिल्टरमधून सुरळीत गेलं पाहिजे, याची मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आणि हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आहे. पेट्रोल पंपावर मिळणारं डिझेल याहून सरस असू शकतं, पण ऑक्टोबरपासून टाकीत किंवा शेतावरच्या बॅरलमध्ये पडून असलेलं डिझेल निफाडच्या चार अंशांत मेण धरू शकतं. ऑइलही तसंच. २०डब्ल्यू५० भरलेलं इंजिन पहाटे जड फिरतं. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर १५डब्ल्यू४० वापरल्याने सेल्फचा वेग लक्षात येण्याइतका सुधारतो.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं याला माझा ठाम विरोध आहे. स्प्रे वेळेआधी पेटतो, रिंगा आणि पिस्टन फोडतो. हीटर प्लग गरम असताना मारला तर आगही लागते.

कम्प्रेशन

इथवर सगळं तपासून झालं, सेल्फ जोरात, डिझेल एकसंध, तरीही थंडीत पांढरा धूर सोडत गाडी ताटकळवते. आता कम्प्रेशन मोजायची वेळ आली. डिझेलचं वेगळं गेज लागतं, पेट्रोलचं चालत नाही. धडधाकट इंजिनात साधारण २५ ते ३० बार मिळतात, वीसच्या खाली गेलं की थंडीत चालू होणं मुश्किल. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरायचा. सगळ्या सिलिंडरांत सारखी घसरण असेल तर झीज, एकातच असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण सैल केलं की धूर भकाभका वर येत असेल आणि गाडी ऑइलही पीत असेल, तर रिंगा-लायनर संपत आले आहेत.

पण हेड उतरवण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची फट) बघून घ्या. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडे वर सरकतात, टॅपेटची फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कम्प्रेशन तिथूनच निसटतं. मॅन्युअलमध्ये फट गार इंजिनावर दिलीय की गरम, ते वाचून फीलर गेजने सेट करा आणि कम्प्रेशन पुन्हा मोजा. आकडा वर आला तर हेड उतरवायची घाई करू नका. आला नाही, तर मात्र इंजिनाचं काम काढावं लागेल, आणि त्या वेळी नोझल तपासून घेणं आणि पंपाचं टायमिंग जुळवणं त्याच खर्चात उरकून घ्या.